‘दे इकडे, मी करून देतो’ इथेच शिकणं थांबतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर तोंडावर आला की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बँकांसमोर पेन्शन चालू राहावी म्हणून हयातीचा दाखला द्यायला निवृत्तांच्या रांगा लागतात. ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल हयातीच्या दाखल्याची सोय १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाली, आणि नुसता चेहरा दाखवून तो दाखला काढण्याची सोय २०२१ च्या नोव्हेंबरात आली. तरी भुसावळचे रेल्वेतले, वरणगावच्या आयुध निर्माणीतले, दीपनगरच्या वीज केंद्रातले निवृत्त कामगार आणि गावोगावचे शिक्षक अजून रांगेत उभे दिसतात. त्यावर घरात आणि बँकेच्या खिडकीवर एकच वाक्य ऐकू येतं : ‘या वयात नाही जमत त्यांना.’ ज्येष्ठांना फोन शिकवणारे आम्ही काही कार्यकर्ते हे वाक्य खोडून काढण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. अडतं ते बोटांत, डोळ्यांत, फोनच्या सेटिंगमध्ये आणि सर्वांत जास्त शिकवणाऱ्याच्या घाईत. हे सगळं दुरुस्त करता येतं. कसं, ते तपशिलानं सांगतो.

सुरुवात बोटापासून. जुना बटणांचा फोन दाबावा लागे, त्यामुळे हाताला दाबायची सवय आहे. काचेच्या पडद्याला दाब कळत नाही, फक्त स्पर्श कळतो. आणि बोट जास्त वेळ टेकून राहिलं की फोन त्याचा वेगळाच अर्थ लावतो. चिन्हं जागेवरून हलतात, नवी यादी उघडते, कधी ॲपच पडद्यावरून नाहीसं होतं. मग ‘मी काहीतरी बिघडवलं’ म्हणून फोन बाजूला पडतो. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ या भागात ‘टच अँड होल्ड डिले’ असतो. तो ‘शॉर्ट’वरून ‘लाँग’वर आणला की ही अर्धी कटकट मिटते. बोट कसं लावायचं हे सांगताना ‘क्लिक करा’ म्हणू नये. कपाळाला कुंकू टेकवतो तसं टेकवा आणि लगेच उचला, एवढं पुरतं.

शेतात राबलेल्या हातांचं आणखी एक आहे. कातडी जाड आणि कोरडी झाली की पडद्याला बोट जाणवतच नाही. ओल्या फडक्याला बोट पुसून, जरा सुकू देऊन लावलं की चालतं. वरून स्वस्तातली जाड काच चिकटवलेली असेल तर ती काढून पातळ लावावी. काही फोनमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ वाढवायची सोय असते, ती चालू करावी. आणि फोन डाव्या हातात घट्ट धरला की त्या हाताचा अंगठा नकळत पडद्याच्या कडेला टेकलेला असतो. फोनच्या हिशेबी ती दोन बोटं झाली, म्हणून उजव्या बोटाला तो दाद देत नाही. शिकताना फोन टेबलावर किंवा पाटावर ठेवायचा. एवढ्यानं कितीतरी ‘बिघडलेले’ फोन दुरुस्त होतात.

डोळ्यांसाठी अक्षर मोठं करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते थेट शेवटच्या टोकाला नेलं की दुसरीच अडचण उभी राहते. बऱ्याच बँकांच्या आणि सरकारी ॲपमध्ये अक्षरं फुगली की खालचं ‘पुढे’ किंवा ‘सबमिट’चं बटण पडद्याबाहेर ढकललं जातं. माणूस बसून राहतो, कारण पुढे जायला काहीच दिसत नाही. म्हणून अक्षर कमालीपेक्षा एक-दोन पायऱ्या खाली ठेवावं, आणि पान खालून वर सरकवायची सवय पहिल्याच दिवशी लावावी. दोन भागांच्या चष्म्यात जवळचं बघायची काच खाली असते, त्यामुळे फोन डोळ्यांसमोर न धरता छातीच्या खाली, पुस्तकासारखा धरावा लागतो. मोतीबिंदू असलेल्यांना पडद्याची चकाकी त्रास देते. त्यांनी खिडकीकडे पाठ करून बसू नये, कारण मागचा उजेड थेट काचेवर पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी पडद्याचा उजेड कमी करतो. उन्हात, ओट्यावर बसून शिकवलेलं म्हणूनच वाया जातं.

आता ओटीपी. इथे सगळ्यात जास्त माणसं गळतात. संदेश इंग्रजीत, आकडे सहा, वेळ मोजून दिलेला, आणि आकडा बघायला संदेशात गेलं की मागचं पान बंद होतं. फोनचा पडदा तीस सेकंदांत मिटतो तो वेगळाच. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन पडदा मिटण्याची वेळ दोन किंवा पाच मिनिटांवर आणावी. मग ओटीपी आला की पान न सोडता वरून खाली येणाऱ्या पट्टीतच तो वाचायला शिकवावा. सहा आकडे एकदम डोक्यात राहत नाहीत. दोन-दोनच्या जोड्या करून मोठ्यानं म्हणावेत आणि शेजारच्या कागदावर लिहावेत. इथे एक बारीक खोच आहे. ज्यांची आकडेमोड मराठीत झाली, त्यांना इंग्रजी नऊ (9) हा मराठी एक (१) या आकड्यासारखा दिसतो. ओटीपी दोनदा चुकला आणि कारण सापडत नसेल, तर आधी हे तपासावं. आधार क्रमांक चार-चारच्या गटांत, पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक वहीत मोठ्या इंग्रजी आकड्यांत लिहून ठेवला की निम्म्या चुका टळतात.

ओटीपी येतच नाही, ही तक्रार खानदेशात वेगळ्या कारणानंही येते. आधारला आणि बँकेला जोडलेला क्रमांक मुलाचा असतो आणि मुलगा कामाला सुरतेला असतो. ‘आंडोर सुरतले शे’ असं माय सांगते, म्हणजे ओटीपीही सुरतेलाच जातो. तो मिलमध्ये पाळीवर असेल तर इथे बँकेतलं काम खोळंबतं. कुठलंही ॲप शिकवायच्या आधी आधार केंद्रावर आणि बँकेत जाऊन स्वतःचा क्रमांक जोडून घेणं, हा पहिला धडा. त्यानंतर ते सिम जिवंत ठेवणं हा दुसरा. ९० दिवस वापर नसेल आणि शिल्लकही नसेल तर कंपनी क्रमांक बंद करू शकते, आणि पुढे तोच क्रमांक दुसऱ्याला मिळू शकतो. मग आपले ओटीपी परक्याच्या हातात. यूपीआय सुरू करताना बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये लागतं आणि त्यावरून एक संदेश आपोआप बाहेर जावा लागतो. रिचार्ज संपलेला असला तर तो जात नाही आणि ॲप फक्त ‘पडताळणी झाली नाही’ एवढंच सांगतं, कारण सांगत नाही.

नातवाचा जुना फोन आजोबांकडे येतो, हेही नेहमीचंच. त्यात नातवाचं गुगल खातं, नातवाचे फोटो आणि गच्च भरलेली मेमरी असते. असा फोन द्यायचाच असेल तर आधी त्यातलं सगळं पुसून, आजोबांच्या क्रमांकानं नवं खातं काढून, पासवर्ड त्यांच्या वहीत लिहून द्यावा. मेमरी भरायला ‘शुभ सकाळ’ची चित्रंच पुरेशी होतात. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये आपोआप उतरणारे फोटो आणि व्हिडिओ बंद करावेत. मेमरी भरलेली असली की ॲप अपडेट होत नाही, आणि जुनं ॲप बँक चालू देत नाही. पेन्शनच्या कामात आडवा येतो तो कित्येकदा एवढाच कचरा.

परवानगीचा प्रश्नही असाच. ‘कॅमेरा वापरू द्यायचा का?’ असं ॲप विचारतं तेव्हा भीतीपोटी ‘नाही’ दाबलं जातं. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये दोनदा नकार दिला की ते ॲप पुन्हा विचारतच नाही. मग सेटिंग्ज, ॲप्स, त्या ॲपचं नाव, परमिशन्स असं चार पायऱ्या आत जाऊन ती द्यावी लागते. उलट काही जण प्रत्येक ठिकाणी ‘हो’ म्हणतात, ते जास्त धोक्याचं. चेहरा दाखवायचा असेल तर कॅमेरा, ई-पीक पाहणीला कॅमेरा आणि लोकेशन, हे योग्यच. पण टॉर्चच्या ॲपला तुमचे संदेश कशाला वाचायला हवेत? कामाला काय लागतं हे विचारायची सवय लावली की नियम पाठ करावे लागत नाहीत.

भाषेबद्दल मोकळेपणानं बोललं पाहिजे. टाइप करण्यापेक्षा बोलणं सोपं, म्हणून ज्येष्ठांना माइकचं चिन्ह दाखवतात. पण कळफलकातलं मराठी बोलणं प्रमाण मराठीवर तयार झालं आहे. अहिराणीत ‘माले समजनं नही’ म्हटलं की पडद्यावर भलतंच उमटतं. यावल-रावेरकडच्या लेवा बोलीचं तेच, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पावरी-भिलीत तर काहीच हाती लागत नाही. बोलणाऱ्याला वाटतं, आपलं बोलणंच चुकीचं. तसं नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावं. छोटी वाक्यं, एका वेळी तीन-चार शब्द, आणि नावं असतील तर आधी संपर्क यादीत मराठीत लिहून ठेवायची, म्हणजे काम भागतं. घरच्यांना निरोप द्यायचा असेल तर लिहायची गरजच नाही. व्हॉट्सॲपवर माइक धरून अहिराणीत बोलावं, आवाज आहे तसा पोचतो. अनेक आया-आज्यांना फोनची पहिली गोडी इथेच लागते, म्हणून आम्ही बँकेच्या ॲपनं कधीच सुरुवात करत नाही.

चेहऱ्यानं हयातीचा दाखला काढण्याची रीत सांगतो, कारण ती ऑक्टोबरात शिकवायची गोष्ट आहे. प्ले स्टोअरमधून दोन ॲप लागतात, ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’. पहिलं उतरवल्यावर पडद्यावर त्याचं चिन्हच येत नाही; ते मागे राहून काम करतं. लोक ते आलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा शोधत राहतात. मग ‘जीवन प्रमाण’ उघडून आधी ऑपरेटरची, म्हणजे दाखला काढून देणाऱ्याची, नोंद करावी लागते. हा ऑपरेटर पेन्शनर स्वतःही असू शकतो. आधार क्रमांक, मोबाइल, ओटीपी आणि चेहरा, एवढं झालं की पेन्शनरची माहिती येते : पीपीओ क्रमांक, पेन्शन मंजूर करणारं कार्यालय, पेन्शन देणारी बँक, खाते क्रमांक. चेहरा दाखवताना उजेड समोरून यावा, मागची भिंत मोकळी असावी, चष्मा काढावा आणि सांगितलं की पापणी मिटून उघडावी. फोटोसाठी डोळे ताणून बसायची सवय असल्यामुळे पापणी मिटतच नाही आणि ॲप नाकारत राहतं. मोतीबिंदूची पट्टी डोळ्यावर असेल तर घाई करू नये, पट्टी निघू द्यावी. शेवटी संदेशात प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, येतो.

इथे बहुतेकजण थांबतात, आणि नेमकी इथेच चूक होते. आयडी आला म्हणजे दाखला निघाला एवढंच; तो स्वीकारला गेला असं नाही. बँक किंवा कार्यालय यादीतून चुकीचं निवडलं असेल, पीपीओतला एक आकडा चुकला असेल, तर तो नाकारला जाऊ शकतो. आठ-दहा दिवसांनी त्याच आयडीवर स्थिती बघायची किंवा बँकेत विचारायचं. पुनर्विवाह किंवा पुन्हा नोकरी केलेल्यांना हा डिजिटल मार्ग नाही, त्यांनी बँकेतच जावं. ८० वर्षांवरच्या केंद्रीय निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. भविष्य निर्वाह निधीकडून पेन्शन घेणाऱ्या ईपीएस-९५ वाल्यांना तर नोव्हेंबरची अटच नाही. वर्षात कधीही दिलेला दाखला पुढचे बारा महिने चालतो. दीपनगर आणि जळगावच्या औद्योगिक वसाहतीतले कितीतरी निवृत्त हे माहीत नसल्यामुळे उगाच नोव्हेंबरच्या गर्दीत उभे राहतात. ज्यांना यातलं काहीच जमत नाही त्यांच्यासाठी पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन दाखला काढून देतो. हा मार्ग घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

पैशाच्या भीतीबद्दल. ‘काही दाबलं आणि पैसे गेले तर?’ ही भीती रास्त आहे, तिला हसू नये. तिला सीमा आखून द्यावी. फोन, कॅमेरा, फोटो, घड्याळ, रेडिओ इथे काहीही दाबलं तरी पैसे जात नाहीत. पैसे पाठवताना यूपीआय पिन लागतो. पैसे घेताना कधीच लागत नाही. पैसे येणार म्हणून कोणी पिन टाकायला सांगत असेल तर तो चोर आहे. सराव घरच्याच माणसाला एक रुपया पाठवून करावा, दहा वेळा करावा. आणि पेन्शनचं खातं यूपीआयला जोडूच नये. दुसरं छोटं खातं काढून त्यात महिन्याच्या भाजी-औषधापुरते तीन-चार हजार ठेवावेत. चूक झालीच तर नुकसान तेवढ्यावर थांबतं. या एका उपायानं जितकी भीती जाते तितकी शंभर सूचनांनी जात नाही.

फसवणुकीचे जे प्रकार इथे फिरतात ते ओळखीचे आहेत : ‘आज रात्री वीज तोडणार’, लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून आलेली एपीके (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल, आणि ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असा व्हिडिओ कॉल. अशी अटक कायद्यात कुठेही नाही. पैसे गेले तर आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० या क्रमांकावर फोन करायचा, मुलाची वाट बघायची नाही. पहिल्या तासातच पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते. लगोलग बँकेलाही कळवायचं आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ग्राहकाच्या चुकीनं पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. म्हणून लाजेपोटी गेलेले दोन दिवस महागात पडतात, आणि ही लाज घरचे रागावतील या धाकातून येते. बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावून पैसे काढणाऱ्यांनी दर अंगठ्यामागे एक पावती घ्यावी. ‘अंगठा उमटला नाही, पुन्हा लावा’ असं म्हटलं तर आधीचा व्यवहार झाला की नाही हे संदेशात किंवा पासबुकात बघूनच पुन्हा लावावा.

आता शिकवण्याची गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. घरात आजोबा काही विचारतात, नातू म्हणतो, ‘दे इकडे, मी करून देतो,’ आणि पाच सेकंदांत काम होतं. आजोबांना दिसतं ते फक्त नातवाचं भराभर फिरणारं बोट. काम झालं, शिकणं शून्य. आमचा एकच नियम आहे : शिकवणाऱ्यानं हात पाठीमागे बांधायचे. फोन शिकणाऱ्याच्या हातात, बोट त्याचं, चूकही त्याचीच, आणि मागे कसं फिरायचं हे सगळ्यात आधी शिकवायचं. मागे येता येतं हे कळलं की माणूस पुढे जायला धजावतो. एका बैठकीत एकच काम, चाळीस मिनिटं, तेच पाच वेळा. दोन दिवसांनी पुन्हा तेच, न सांगता. तिसऱ्या दिवशी विसरलं तर तो नापास नव्हे. वाढत्या वयात नवी गोष्ट पक्की व्हायला जास्त फेऱ्या लागतात, पण पक्की झाली की ती राहते. वर्गात सहा जण आणि दोन मदतनीस, यापेक्षा जास्त घेऊ नयेत. प्रत्येकाचा स्वतःचाच फोन हवा, कारण शेजारच्याच्या फोनवर तेच बटण दुसरीकडे असतं. आणि वही हवी, स्वतःच्या अक्षरातली : कोणत्या रंगाचं चिन्ह, कुठल्या कोपऱ्यात, मग काय. छापील माहितीपत्रकं पिशवीत राहतात, स्वतः लिहिलेलं पान उघडलं जातं. पानावर तारीख टाकावी, कारण अपडेटनंतर चिन्हं जागा बदलतात आणि माणसाला वाटतं आपणच विसरलो.

बायकांचा प्रश्न वेगळा आहे. पुष्कळ घरांत फोन तिचा नसतो, सामायिक असतो, आणि मोकळा वेळ दुपारी दोन ते चार एवढाच असतो. संध्याकाळी सात वाजता चौकात घेतलेल्या वर्गाला पुरुषच येतात. भजनी मंडळ जिथे, जेव्हा जमतं, तिथे, तेव्हाच वर्ग नेला तर त्या येतात आणि पुरुषांपेक्षा लवकर शिकतात, असा आमचा पक्का अनुभव आहे.

सरकारच्या बाजूनं एक मोठी चूक झाली, तिची चर्चा फारशी झाली नाही. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान २०१७ मध्ये सुरू झालं, ३१ मार्च २०२४ ला संपलं. प्रत्येक ग्रामीण कुटुंबातल्या एकाला वीस तासांचं प्रशिक्षण, अशी चांगली कल्पना. पण वयाची अट १४ ते ६०. म्हणजे ज्या वयात हयातीचा दाखला, श्रावणबाळ योजनेचं अनुदान, पीएम किसानची ई-केवायसी हे सगळं फोनवर आलं, त्याच वयाला नियमानंच वगळलं. घरातला एक शिकला की तो बाकीच्यांना शिकवील, असं गृहीत धरलं होतं. तो एक आज सुरतेत नाही तर पुण्यात आहे.

म्हणून तिन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाकडे आमची मागणी छोटी आहे. दरवर्षी ऑक्टोबरात प्रत्येक तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात, आठवड्यातून तीन दिवस, दुपारी दोन ते चार असा वर्ग ठेवावा. दोन बाकं, चार्जर, चांगला उजेड आणि दोन शिकवणारे एवढं पुरतं. महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना हे काम द्यावं, आधी त्यांना हात मागे बांधायला शिकवून. धडगाव, मोलगीकडे जिथे सिग्नल डोंगरावर चढल्यावर मिळतो तिथे ॲपची सक्ती करू नये. कागदाचा मार्ग उघडा ठेवावा. बँकांनीही खिडकीशेजारी आठवड्यातून एक दिवस एक माणूस आणि एक टेबल द्यावं.

एक विनंती आपल्यालाही आहे, संपादक महोदय. फोनवर न वाचणारी ही पिढी आपला छापील अंक रोज सकाळी पहिल्या पानापासून वाचते. आठवड्यातून एकदा पाव पान द्या. एकच काम, सहा चित्रं, प्रत्येक चित्र फोनच्या पडद्याएवढं नाही तरी निदान बोटानं दाखवता येईल एवढं, खाली एकेक ओळ, ठळक टायपात, कोपऱ्यात तारीख. कापून वहीत चिकटवता येईल अशा बेतानं, मागच्या बाजूला महत्त्वाची बातमी येणार नाही हे बघून. पहिल्या आठवड्यासाठी विषय सुचवतो : ‘मागे कसं यायचं’. मजकूर आणि पायऱ्या तपासून द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
ज्येष्ठांना मोबाइल शिकवणारे कार्यकर्ते,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार